उद्घाटनाची पुरवणी

शिवराम पाष्टे नऊ वर्षं पेपरात लिहीत होता, आणि नऊ वर्षांत त्याचं नाव एकदाही छापून आलं नव्हतं. छापून यायचं ते 'आमच्या पालीच्या वार्ताहराकडून'. हा वार्ताहर काळा की गोरा, जेवलेला की उपाशी, याच्याशी कुणाला काही कर्तव्य नव्हतं. पालीच्या बाजारात त्याला लोक ओळखायचे, पण पेपर विकणारा म्हणून. कारण ज्यानं बातम्या लिहायच्या त्यानंच अंक विकायचे आणि जाहिरातीही त्यानंच गोळा करायच्या, असा 'सह्यकाठ'चा दंडक होता. पेपर निघायचा कोल्हापुरात. सकाळच्या यष्टीनं तिकडून अंकांचा गठ्ठा यायचा आणि दुपारी चारच्या यष्टीनं शिवरामचं बातम्यांचं पाकीट तिकडे जायचं. सदू कंडक्टर ते पाकीट तिकिटांच्या पेटीत घालायचा आणि न बोलता घंटी मारायचा.

पगार असा नव्हताच. छापून आलं तेवढ्याचं मोजमाप. महिनाअखेर शिवराम आपल्याच बातम्या कापायचा, भाताच्या शितानं कोऱ्या कागदावर चिकटवायचा, पोरीची, चंपाची, पट्टी घेऊन मोजायचा आणि धाडून द्यायचा. कोल्हापुरातल्या कुणी शहाण्यानं बातमीचं शेपूट छाटलं की इकडे याच्या घरातली मीठमिरची छाटली जायची. म्हणून मग आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला जा, लोकांचे अर्ज लिही, पावसात स्वतःच्या दीड चोंढ्याच्या खाचरात भात लाव, असं सगळं चालायचं. वाडीतले म्हातारे म्हणत, विठू पाष्ट्याचा पोर धड शेतकरी नाय नि धड साहेब नाय. ते त्याच्या कानावर यायचं. त्याला राग येत नसे, कारण खरं होतं.

पण माणसाला एखादी गोष्ट हवीशी वाटते म्हणजे किती वाटावी? शिवराम पेपर विकता विकता पहिलं पान उघडायचा आणि तिथं कोल्हापूर-सांगलीच्या कायम वार्ताहरांची नावं ठळक अक्षरात बघायचा. बघून घडी घालायचा. नऊ वर्षं हे रोज.

१९८६ साल. एप्रिल सरत आला होता. शिवराम दाढीच्या तुकड्यात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागी, भाजावळ करत होता. कवळाच्या फांद्या पसरायच्या, त्यावर गवत, त्यावर माती, आणि वारा पडलेला बघून आग लावायची. अंगाची लाही होत होती. पाष्टेवाडी कातळावर. पालीपासून तीन मैलांचा चढ, आणि वर आलं की उघडा खडकाळ सडा. पावसाळ्यात जिथं छाती दडपेल एवढं पाणी कोसळतं तिथं एप्रिलात चिमणीला चोच भिजवायला मिळत नाही. विहीर आटली की बायका खाली पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरायच्या. पऱ्याच्या पात्रात एक खड्डा खणलेला होता. त्यात पाणी झिरपायचं, ते करवंटीनं कळशीत भरायचं. एक कळशी भरायला अर्धा तास. एकीची भरेस्तोवर बाकीच्या बसून राहायच्या.

राही, त्याची बायको, डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन चढणीवरून आली. दाढीच्या बांधाशी थांबली.

"अवो, कोल्लापूरचं पत्र आलंय. पोस्टमननं चंपीच्या हातात दिलं शाळंत."

"काय लिवलंय?"

"मला काय वाचता येतंय?" राही म्हणाली. "चंपी वाचत व्हती. साहेबानी बोलवलंय म्हंतात."

शिवरामनं हातातली फांदी टाकली. हात काळे, तोंड काळं, तसाच तो घरी गेला. राही मागनं ओरडली, "अर्धी आग तशीच टाकून चाललात, बांध पेटंल." आणि हंडा उतरवून ती स्वतः आग राखत बसली.

पत्र इनामदारसाहेबांचं होतं. 'सह्यकाठ'चे व्यवस्थापक. एरवी त्यांच्याकडून यायचं ते छापील कार्ड, की अमुक जाहिरातीची बाकी वसूल करा. या वेळी हातानं लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी शिवराम कोल्हापूरला गेला. कचेरीतल्या बाकावर अकरापासून तीनपर्यंत बसला. शाईचा वास येत होता, आतून यंत्राची धडधड येत होती, आणि टेबलाटेबलावर माणसं आपापल्या खुर्चीत बसून लिहीत होती. शिवराम त्या खुर्च्यांकडे बघत होता. त्याच्या घरी तो पडवीत पाटावर बसून, मांडीवर फळी घेऊन लिहायचा. एकदा एक माणूस उठून बाहेर गेला तर त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून शिवरामची नजर हलेना. शिपायानं विचारलं, काय हवंय? तो म्हणाला, काही नाही.

इनामदारसाहेब पान खात होते. "बसा, पाष्टे. तुमच्या गावात नळयोजना होतेय ना? अक्षय्य तृतीयेला उद्घाटन. मंत्री येणार."

"होय साहेब."

"चार पानी पुरवणी काढायची. जाहिराती तुम्ही आणायच्या. सरपंच देईल, ठेकेदार देईल, आंब्याचे व्यापारी देतील. आणि ऐका, जूनपासून रत्नागिरी तालुक्याला आम्ही कायमचा माणूस नेमतोय. पगार, कार्ड, रत्नागिरीत राहायचं. तीन नावं आहेत, त्यात तुमचं आहे. पुरवणी कशी होते ते बघू."

शिवराम उठून उभा राहिला. तो म्हणाला, "करतो साहेब."

"मांडवात अंक वाटला गेला पाहिजे. म्हणजे मजकूर चार दिवस आधी माझ्या टेबलावर."

"पण साहेब, उद्घाटनाची बातमी उद्घाटनाआधी..."

"अहो, सगळे तसंच करतात. मंत्री कळ दाबणार, पाणी येणार, टाळ्या पडणार. त्यात लिहायला बघावं कशाला लागतंय? आणि गावातली एखादी बाई घ्या. नावानिशी. डोक्यावरचा हंडा उतरला, असं काहीतरी. लोकांना ते आवडतं. वर तुमचं नाव टाकू."

आता बाजारात तुरी म्हणतात ती हीच. पण शिवरामला तेव्हा म्हण आठवली नाही. त्याच्या कानात एवढंच राहिलं, वर तुमचं नाव टाकू. परतीच्या गाडीत आंबा घाट उतरताना त्यानं खिडकीच्या काचेवर बोटानं लिहिलं, शिवराम पाष्टे. धूळ होती, त्यामुळे ते उमटलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं बघितलं तेव्हा त्यानं हातानं पुसून टाकलं.

पुढचे आठ दिवस त्यानं जाहिराती गोळा केल्या. हे काम ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आंब्याचा व्यापारी म्हणाला, देतो जाहिरात, आधी एवढ्या पेट्यांना खिळे मारून दे, माणूस आला नाय आज. शिवरामनं बत्तीस पेट्यांना खिळे मारले, मग व्यापारी म्हणाला, उद्या ये. सरपंच केरूअण्णा त्या वेळी मांडव घालून घेत होते. ते म्हणाले, "शिवा, जरा बांबू धर रे." त्यानं धरला. अण्णा खुर्चीत बसून चहा प्याले, ठेकेदाराशी बोलले, शिवराम बांबू धरून उभा. तासाभरानं अण्णांना त्याची आठवण झाली. "हां, जाहिरात ना? घाल अर्धं पान. फोटो माझा मोठा पायजे."

"अण्णा, मोटारीचं काय झालं? वीज जोडली का?"

अण्णांनी ठेकेदाराकडे बघितलं, ठेकेदारानं मांडवाकडे. "जोडतात रे. तू लिही."

मजकूर द्यायच्या दिवशी शिवराम सकाळपासून पडवीत बसला. टाकीचं लिहिलं, पाइपाचं लिहिलं, मंत्रिमहोदयांनी कळ दाबताच वाडीवाडीत पाणी खळाळल्याचं लिहिलं. राहिली ती बाई. बाई कुठून आणायची? घरातच होती की. राहीला विचारावं, ती बोलेल ते लिहावं, असं त्याच्या मनात होतं. बातमीदारीची तेवढी चाड त्याला होती, उगाच खोटं सांगत नाही. पण राही सकाळी पऱ्यात उतरली ती वर आलीच नाही. खाली सतरा कळशा रांगेत होत्या. एक वाजला, दोन वाजले. शिवराम दारात येऊन चढणीकडे बघत होता. तीन वाजता त्याला निघायलाच हवं होतं, तीन मैल उतरायचं, चारची गाडी.

पाणी भरायला गेलेल्या बायकोची वाट बघून बघून शेवटी त्यानं तिच्या तोंडी पाणी आल्याचं घातलं. लिहिलं, 'येथील गृहिणी सौ. राही पाष्टे म्हणाल्या, आजवर आमचा जन्म पऱ्याच्या वाटेवर गेला. आज दारात पाणी आले आणि माझ्या डोक्यावरचा हंडा कायमचा उतरला.' वाचून बघितलं. वाक्य चांगलं होतं. राही बोलली असती तर याहून वेगळं काय बोलली असती, असं त्यानं मनाला समजावलं, पाकिटाला शीत लावलं आणि धावत सुटला.

उद्घाटन झालं. मंत्री तीन तास उशिरा आले, पण आले. कळ दाबली. नळाला पाणी आलं, आणि तेही चांगलं मनगटाएवढं. बायांनी तोंडं धुतली, पोरं भिजली. चंपानं फ्रॉक भिजवून घेतला. मांडवात पुरवणी वाटली गेली. पहिल्या पानावर वर ठळक अक्षरात होतं, शिवराम पाष्टे, पाली. त्यानं एक अंक घेतला आणि मांडवाच्या मागे, माणसं नव्हती तिथं जाऊन बघितला. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. आपलंच नाव, पण दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं, आणि फार आवडलं होतं.

घरी त्यानं राहीला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"मी कवा बोलले हे?" तिनं विचारलं.

"बोलशील असं वाटलं. तू पऱ्यात व्हतीस. गाडी जायला आली व्हती."

राही हसली. "मस चांगलं बोलले म्हनायची. परत वाचा बघू." त्यानं परत वाचलं.

पाणी पंधरा मिनिटं टिकलं होतं. टाकी आदल्या दिवशी टँकरनं भरलेली होती, ती संपली. मोटारीला वीज जोडलीच नव्हती. जोडायला माणूस येणार होता, तो आज नाही उद्या, उद्या नाही परवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चार दिवसांनी बायका परत पऱ्यात उतरल्या. नळाच्या तोटीवर कावळे बसू लागले.

शिवरामला हे दिसत होतं. त्यानं दोन ओळींची बातमी लिहून धाडली, पाणीपुरवठ्यात तांत्रिक अडचण. ती छापून आली नाही. परत धाडावी, जोर लावून लिहावं, असं रोज वाटायचं. आणि रोज वाटायचं की जून जवळ आलाय, तेवढा जाऊ दे. तो आंब्याच्या पेट्या भरायला जायला लागला. तिथं हात चालू ठेवला की बरं वाटायचं.

मेच्या विसाव्या तारखेला दुपारी पोस्टमननं त्याला बाजारातच गाठलं. लांब पाकीट, टंकलिखित पत्ता. आतल्या कागदावर होतं, आपली रत्नागिरी तालुका वार्ताहर म्हणून दिनांक एक जूनपासून नेमणूक करण्यात येत आहे. शिवराम पेट्यांच्या ढिगाला टेकून उभा राहिला. कागद घामानं खराब होईल म्हणून त्यानं तो शर्टाच्या आत न ठेवता पेपरात गुंडाळला. घरी धावत जावं, राहीला सांगावं, एवढंच मनात.

तेवढ्यात गोदावहिनी आली. त्याची चुलतभावजय, शेजारचंच घर. तिच्या हातात रिकामी पिशवी होती आणि तोंड उतरलेलं होतं.

"भावजी, राहीनं असं कराया नको व्हतं," ती म्हणाली.

"काय केलंन?"

"तुमाला नाय बोलली? सोमवारी आमी समद्या गेलाव व्हताव. सरकारी कचेरीत, मोठ्या साहेबाकडं. बाविसजणी. रिकामे हंडे घेऊन." गोदा पेटीवर बसली. "साहेब चांगला बोलला पयल्यांदा. मंग त्यानं फाईल काढलीन. फाईलीत तुमचा पेपर लावलेला. म्हनाला, ठेकेदारानं पुरावा दिलाय, योजना चालू हाय. ही राही पाष्टे कोन तुमच्यात? आमी सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. म्हटलं, आता सांगंल, असं मी बोललेच नाय."

"मंग?"

"साहेबानं वाचून दाखवलंन, हंडा कायमचा उतरला. म्हनाला, बाई, हे तू बोललीस का? तिच्या डोक्यावर हंडा, भावजी. तसाच डोक्यावर धरून उभी व्हती. म्हनाली, व्हय, मी बोलले."

शिवरामनं पेपराची गुंडाळी काखेत धरली.

"साहेबानं फाईल बंद केलीन. म्हनाला, आलेलं पानी तुमी गावात भांडून बंद पाडलं असंल. जा." गोदा उठली. "बाया आता तिच्याशी बोलत नायत. मीपन बोलत नाय. खोटं कशाला बोलू?"

तो चढ शिवराम रोज पाऊण तासात चढायचा. त्या दिवशी किती वेळ लागला त्याला कळलं नाही. घरी राही नव्हती. तो पऱ्यात उतरला. ऊन मी म्हणत होतं. बायका सकाळीच भरून गेल्या होत्या. खड्ड्यात राहिलं होतं गढूळ, आणि राही एकटी गुडघ्यावर बसून करवंटीनं ते कळशीत ओतत होती. सगळ्यांचं होईपर्यंत तिला थांबावं लागत होतं आता. तिला कुणी थांब म्हणत नव्हतं, पण जागाही कुणी देत नव्हतं.

तो तिच्याजवळ दगडावर बसला. तिनं बघितलं, परत करवंटी बुडवली.

"गोदावहिनी भेटली," तो म्हणाला.

"मग आता जेवन गोड नाय लागायचं तुमाला."

"का बोललीस तसं?"

"तुमी लिवलं व्हतात. मी नाय म्हनले असते तर तुमी खोटारडे झाला असतात. कचेरीत, बाविसजनींच्या पुढ्यात." राहीनं पाणी निवळायला थांबत हात गुडघ्यावर ठेवले. बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. "आठ-धा दिवस तर ऱ्हायलेत. गप ऱ्हावा. पत्र येऊ दे."

"आलं," शिवराम म्हणाला, आणि पेपरातून काढून त्यानं ते तिला दाखवलं.

तिनं ओले हात पदराला पुसले, दोनदा पुसले, आणि कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. पण वरचं नाव कुठं असतं ते पुरवणीमुळं तिला ठाऊक झालं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे तुमी?"

"व्हय."

ती इतकी खूश झाली की त्याला तिच्याकडे बघवेना. एवढा आनंद त्यानं तिच्या तोंडावर चंपा झाली तेव्हा बघितला होता. तो म्हणाला, "राही, मी कचेरीत जाऊन खरं सांगनार हाय."

तिनं कागद परत दिला. मग करवंटी उचलली. कळशी भरेपर्यंत दोघं तिथंच होती. वर येताना आधीच भरून ठेवलेला हंडा त्यानं घेतला. पुरुषानं डोक्यावर हंडा घेतलेला बघून वरच्या घरातले म्हातारे हसले. पाणी सांडून त्याचा शर्ट भिजला, पण हंडा त्यानं घरापर्यंत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराम कचेरीत गेला. रात्री अंथरुणात तो काय काय ठरवून मोडत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. जूनपर्यंत थांबू, कायम झाल्यावर मोठी बातमी करू, मग कुणी काढणार नाही, असंही ठरलं होतं त्यात. पण सकाळी राही कळशी घेऊन सगळ्यांच्या मागून एकटी उतरताना दिसली आणि त्यानं चपला घातल्या.

साहेबानं कागद वाचला. शिवरामनं चार ओळी लिहिल्या होत्या. उद्घाटनाची बातमी मी उद्घाटनाच्या चार दिवस आधी लिहिली. सौ. राही पाष्टे ही माझी पत्नी असून ती असे काही बोललेली नाही. ते वाक्य माझे आहे. पाणी पंधरा मिनिटे आले, तेही टँकरचे.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला. "हे फाईलीला लावलं की चौकशी लागेल. तुमच्या पेपरला विचारणा जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"पोटावर पाय येईल हो. परत घेऊन जा, मी बघितलंच नाही असं समजतो."

शिवरामनं कागदाकडे बघितलं. खाली त्याची सही होती. हात पुढं करून तो उचलता आला असता. त्यानं हात पाठीमागे बांधले. "शिक्का मारा साहेब," तो म्हणाला.

त्याच कागदाची नक्कल त्यानं चारच्या गाडीला सदूकडे दिली. सदू म्हणाला, "आज लई पातळ पाकीट?" आणि नेहमीसारखी घंटी मारली. गाडी वळणाआड जाईपर्यंत शिवराम बघत राहिला. तिच्यामागे पळावं, गाडी थांबवावी, पाकीट मागून घ्यावं, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा गेलं नाही.

आठवड्यानं कचेरीची दोन माणसं वाडीवर आली. त्यांनी खांब मोजले, मोटार उघडून बघितली, वहीत उतरवून घेतलं. केरूअण्णांनी शिवरामला रस्त्यात बघून तोंड फिरवलं. बायकांनी मात्र पऱ्यात राहीला मधली जागा दिली. गोदावहिनीनं तिची कळशी स्वतः भरून दिली म्हणतात.

चार जूनच्या अंकात चौकट आली. बाजारात दुसराच माणूस गठ्ठा सोडत होता, तेव्हा शिवरामला ती दिसली. आता गठ्ठ्यावर नवीन एजंटाचं नाव होतं. शिवरामनं गुपचूप एक अंक विकत घेतला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. घरी आला तेव्हा कौलं चाळायचं काम निम्मं पडलेलं होतं. फुटकं कौल काढायचं, चांगलं बसवायचं, पाऊस कधीही येईल असं आभाळ. तो शिडीनं वर चढला. राही खालून कौलं देऊ लागली. चारपाच झाल्यावर तीच म्हणाली, "पेपरात काय हाय ते वाचा की. येताना कमरंला लावून आलात, मी बघितलं."

त्यानं वाशावर बसून वाचलं. "सूचना. श्री. शिवराम विठू पाष्टे, राहणार पाष्टेवाडी, पाली, यांचा आमच्या दैनिकाशी यापुढे कोणताही संबंध राहिलेला नाही. त्यांच्याशी कोणी व्यवहार केल्यास हे दैनिक जबाबदार राहणार नाही."

"बापाचं नावपन घातलानी," राही म्हणाली.

"व्हय."

तिनं हातातलं कौल जमिनीवर ठेवलं आणि शिडीला धरून उभी राहिली. "मी खोली बघून आले व्हते," ती म्हणाली.

"कसली खोली?"

"रत्नागिरीत. चिमाबायच्या चाळीत." चिमा म्हणजे तिची बहीण. "चैतात गेले व्हते ना तिच्याकडं दोन दिवस? तुमी कोल्लापूरसनं येऊन सांगितलंत, तीन नावात माझं नाव हाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकच खोली हाय. चंपीला शाळा जवळ. दाराच्या भायेर नळ. चाळीचा नाय, त्या खोलीचा सोताचा. सकाळी दीड तास येतं पानी." ती थांबली. "मी सोडून बघितला. हात धरला खाली. बंद करावासाच वाटंना."

शिवराम वर वाशावर तसाच बसून होता.

"तुमाला वाटतं, मी तुमच्या नावापायी खोटं बोलले त्या साहेबापुढं," राही म्हणाली. "बाया पन आता तेच म्हंतात, नवऱ्यापायी बोलली बिचारी. म्हनू दे. मी त्या नळापायी बोलले. बाविसजनींना पानी नको का, ते मला त्या वक्ताला दिसलंच नाय. मला तो नळ दिसत व्हता."

त्याला उतरून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण शिडी ती धरून उभी होती आणि तिनं मान वर केली नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चिमाबाय खोली राखून बसली असंल. तिला कार्ड धाडाया पायजे. आताच लिवा, मंग ऱ्हाऊन जाईल."

तो खाली उतरला. पाटावर बसला, मांडीवर फळी घेतली, पोस्टकार्ड घेतलं. 'प्रिय चिमाबाय' एवढं त्याच्या हातानं आपोआप लिहिलं गेलं. पुढचं वाक्यही त्याला सुचलं होतं, चांगलं होतं. त्यानं पेन थांबवलं.

"काय लिवू?" त्यानं विचारलं.

राहीनं थोडा विचार केला. "लिवा, खोली नको. दुसरा कोन आला तर देऊन टाक."

त्यानं लिहिलं.

"मनातनं नको हाय असं नाय. नळ मला लई आवडला व्हता." ती फळीवर वाकून बघत होती, जणू तिला वाचता येत होतं. "लिवलंत?"

"लिवलं."

"जसं बोलले तसं?"

"तसंच."

"वाचा."

त्यानं वाचलं. राहीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली आणि खालचं कौल उचलून शिडीशी जाऊन उभी राहिली.